न बदललेलं पाणी

आमच्या घरात पाहुण्याला बसायला खुर्च्या दोनच होत्या. तिसरा आला की तो पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसायचा. सुतळीने बांधलेले, शाईचा वास असलेले, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदाचे गठ्ठे. बाबा वऱ्हाडातल्या मालेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. सोमवार ते शनिवार ते गाईम्हशींचे खुर, कास आणि अडलेली वासरं सांभाळत, आणि रविवारी खांद्याला पिशवी लावून माणसांच्या मागे लागत. पत्रकं ते स्वतः लिहायचे, छापून आणायचे, आणि घड्या घालायचं काम मायचं नि माझं असायचं. एका पानाच्या दोन घड्या, नखाने दाबून, कडेला कड जुळवून. मी अक्षरं त्या घड्यांवरच शिकले. शाळेत बाकीची पोरं कमळातला क वाचत होती तेव्हा मी ‘कर्मकांड’ वाचत होते. ‘थोतांड’ हा शब्द मला पहिलीत लिहिता येत होता आणि त्याचा मला फार गर्व होता.

तिशी नुकती ओलांडलेल्या बाईने आपलं लहानपण लिहायला बसावं हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या. आमच्या माणसांनी म्हातारं होईपर्यंत थांबायचं आणि मग आठवेल तेवढं सांगायचं, हा रिवाज मला मान्य नाही. शिवाय जे सांगायचं आहे त्यातली मुख्य माणसं अजून जिवंत आहेत, चालती-बोलती आहेत, उन्हाळा आला की गहू भिजवतात. ती वाचतील म्हणूनच आता लिहिते आहे. बाबाही इथेच पहिल्यांदा वाचतील.

बाबांचं सगळ्यात जास्त खपलेलं पत्रक होतं विटाळाविरुद्धचं. आमच्या वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून बोलताना तो ‘इटाय’. छापताना मात्र विटाळ. विटाळ म्हणजे थोतांड, माणसाच्या स्पर्शाने काहीही नासत नाही, जो नासतो तो विचार, असं काहीसं त्यात होतं आणि मला ते तोंडपाठ होतं. त्याच घरात, त्याच गठ्ठ्यांच्या मागे, आठवीत असताना मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मायने न्हाणीजवळच्या कोपऱ्यात पोतं अंथरलं, दोन विटांवर माझा वेगळा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “चार दिस इथंच बस. चुलीकडं येऊ नोको. लोनच्याच्या बरनीले हात लावू नोको. अन् कागदाईले बी नोको.”

“कागदाईले काहून?”

“त्यावर त्यायचा फोटो रायते.”

त्यांचा, म्हणजे भिंतीवरच्या दोन तसबिरींमधल्या एकाचा. ज्याने आम्हाला या सगळ्यातून बाहेर काढलं, त्याच्याच चित्राला माझा विटाळ होऊ नये म्हणून मी विटाळाविरुद्धच्या पत्रकाला हात लावायचा नाही, असा तो कायदा होता. मायही त्या दिवसांत तसबिरींपुढे मेणबत्ती लावायची नाही. मग बाबा लावायचे. रोज माय लावते, महिन्यातले चार दिवस आपण लावतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ते काडी पेटवायचे, हात जोडायचे, आणि वळताना कोपऱ्यातल्या पोत्याकडे न पाहता बाहेर निघून जायचे. दुसऱ्यांच्या घरातला विटाळ त्यांना पाच कोसांवरून दिसायचा.

त्या कोपऱ्यात बसून मी या शब्दाची माझी पहिली व्युत्पत्ती लावली. विटांवर तांब्या ठेवतात म्हणून विटाळ. मला ती बरोबरच वाटत होती. विटा दोन होत्या, भाजक्या, एकीचा कोपरा उडालेला, आणि इतर दिवशी त्या पाण्याच्या रांजणाखाली असायच्या. म्हणजे त्या विटांना विटाळ नव्हता. हे कोडं मी चार दिवस सोडवत बसायची आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की विसरून जायची.

आता मायबद्दल. मायचं नाव सुमन. शिक्षण चौथी. हातात कसब कशाचं म्हणाल तर गव्हाचं. गहू हातात घेऊन ती सांगायची की हा कुठल्या रानातला असेल, याला शेवटचं पाणी मिळालं की नाही, याच्या शेवया लांब येतील की तुटतील. आणि कुरडया! चैत्र लागला की आमच्या स्लॅबवर जुनं धोतर पसरायचं आणि त्यावर पांढरीशुभ्र चक्रं उमटायची. कुरडईला गहू तीन दिवस भिजवावा लागतो. पाणी रोज बदलायचं. आमच्याकडच्या उन्हात तर दोनदा. मग तो ओला वाटायचा, पाण्यात कालवून, फडक्याने गाळून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की खाली राहतो तो चीक. उकळत्या पाण्यात मीठ टाकून तो चीक ओतायचा आणि लाकडी चाटूने घोटायचा, गाठ होऊ न देता, खांदा निखळेपर्यंत. घोटून पारदर्शक झालेला गरम चीक माय वाटीत काढून त्यावर तेलाची धार सोडायची आणि मला द्यायची. तोंड पोळायचं, आंबूस वास नाकात जायचा, आणि त्या वाटीपुढे जगातलं कुठलंही पक्वान्न मला आजही फिकं वाटतं. “आंबट वास येगया अन् कुजका वास येगया,” माय म्हणायची. “ज्याले हा फरक समजला त्यानंच चाटू धराव.”

गावात बायकांचा बचत गट होता. कागदावर बारा नावं: दहा कुणब्यांच्या घरची, दोन आमच्या वस्तीतली. दुसरी बाई मुलाकडे पुण्याला गेली आणि परत आली नाही, म्हणून माय एकटी उरली. गटाच्या अध्यक्ष वंदनाकाकू, म्हणजे गावातल्या मोठ्या वावरवाल्यांच्या घरच्या. चांगली बाई. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्या दहावीच्या वह्या त्यांनी आणून दिल्या होत्या. गटाच्या कुरडया, पापड, मुंगवड्या त्यांच्याच अंगणात व्हायच्या आणि पोहरादेवीच्या जत्रेत गटाचं दुकान लागायचं. मायकडे काम असायचं निवडापाखडायचं. कोरडा गहू निवडायचा, खडे काढायचे, जळण आणायचं, वाळत घातलेल्यावर कावळे हाकायचे. “सुमनचा हात निवडाले लय चांगला,” असं सगळ्या म्हणायच्या. कोरड्याला विटाळ नसतो, ओल्याला असतो, हा जुना नियम कोणीही उच्चारला नव्हता. तो उच्चारावा लागत नव्हता. गहू भिजायचा वंदनाकाकूंच्या आतल्या खोलीत, चीक शिजायचा अंगणातल्या टिनाच्या छपराखाली, आणि माय त्या दोन्हींच्या मधल्या उन्हात सूप घेऊन बसायची.

मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले त्या उन्हाळ्यात वंदनाकाकू मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडून घेतलं. हात गळ्यात बांधलेला. जत्रा तोंडावर. चाटू कोण धरणार? एकीने धरून पाहिला. दोन गाठी झाल्या आणि तिने सोडून दिला. दुसरीचा खांदा दुखत होता. कौसल्याबाई नावाची गटातली सगळ्यात वयस्क बाई होती, तिने आपल्या वयाचा हिशेब सांगून अंग काढून घेतलं. मग कोणी काही म्हणायच्या आत मायने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, हात धुतले आणि छपराखाली जाऊन चाटू उचलला. कोणी ‘ये’ म्हटलं नाही, कोणी ‘नको’ही म्हटलं नाही. त्या दिवशीच्या कुरडया मी पाहिल्या आहेत. उन्हात धरल्या तर पलीकडचं बोट दिसायचं. दुसऱ्या दिवशीही तशाच. कौसल्याबाईने एक मोडून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “काय व सुमन, एवढे वर्स हा हात कुठं लपोला होता?”

“सुपात होता जी,” माय म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मायही हसली. तिला इतकं मोठ्याने हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने खांद्याला कोमट तेल चोळून घेतलं आणि बाबांना सांगितलं, “आज मीनं घोटला. साऱ्याईच्या समोर.” बाबा म्हणाले, “यालाच परिवर्तन म्हणतात.” माय म्हणाली, “याले चीक घोटनं म्हनतात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मायसोबत गेले. वंदनाकाकूंची सून होती, तिला मी पूनम म्हणेन. ते तिचं नाव नाही. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, माझ्याशी बोलताना इकडेतिकडे पाहून बोलायची. मी छपरामागच्या हौदावर हात धूत होते तेव्हा ती घागर घेऊन आली आणि घागर न भरताच उभी राहिली. चेहरा उतरलेला.

“मित्रा,” ती म्हणाली. माझं नाव संघमित्रा, पण गावाने ते अर्धंच ठेवलं होतं. “एक गोष्ट सांगू का? कोनाले सांगशीन तर माहा जीव जाईन.”

मग तिने सांगितलं. दोन दिवसांपूर्वी तिला पाळी आली होती आणि तिने घरात ती लपवली होती. सासू महिनाभर दिवस मोजत होती. या खेपेला गोड बातमी आहे असं धरून चालली होती. पाळी आली म्हणून सांगितलं असतं तर सासूने मोडका हात गळ्यात घेऊन रडारड केली असती आणि पूनमला मागच्या खोलीत बसवलं असतं. म्हणून ती काही झालंच नाही अशी घरात वावरत होती. स्वयंपाक करत होती, देवघर पुसत होती. पण गहू?

“गव्हाले मीनं हात नाही लावला,” ती म्हणाली. “साऱ्या गटाचा गहू. माह्या इटायानं नासला असता तर? पानी बदलाचं काम माहंच होतं. आत जाची, भांडं वाजवाची, अन् तशीच बाहीर याची. दोन दिस पानी तेच होतं, अन् काल साऱ्याईनं तसाच वाटला.”

मी तिला माझ्या बापाचं पत्रक तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. विटाळ म्हणजे थोतांड. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “तुमच्यात चालते. आमच्यात नाही चालत.” आमच्या घरातला न्हाणीजवळचा कोपरा तिने पाहिला नव्हता. मीही सांगितलं नाही. पत्रकवाल्याच्या मुलीला तो कबूल करणं जमलं नाही.

छपराखाली गंजात, म्हणजे मोठ्या उभ्या भांड्यात, पाणी उकळत होतं. चिकाचं पातेलं बाहेर आणलं होतं. मायने त्यावर वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मान वर केली.

“वंदनाबाई, याचा वास बराबर नाही. पानी बदललं होतं न?”

“पूनमनं बदललं न. मी सोता भांड्याचा आवाज आयकला.”

“पाहा बाप्पा. कुजका वास येऊन राह्यला. हा खपनार नाही. टाकून देलेला बरा.”

“पायलीभर गहू टाकून देऊ? तू घोट तं खरं.”

मायने घोटला. मी तिचा चेहरा पाहत होते. चीक धरेना. एरवी घोटता घोटता तो चकाकायला लागतो; हा तांबूस पडला, फुटला, पाणी वेगळं नि गोळे वेगळे झाले आणि एक घाण भपकारा अंगणभर पसरला. बायका उठून आल्या. कौसल्याबाईने गंजात डोकावून पाहिलं, नाकाला पदर लावला, आणि आमच्या भागात असं झालं की जो प्रश्न पहिल्यांदा विचारतात तो विचारला.

“कोनाले काही हाय का व?”

हा प्रश्न सगळ्यांना होता, पण नजरा एकीकडेच गेल्या. मी त्या नजरा मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. मायच्या हातात चाटू होता. दोन दिवस ज्या हाताचं कौतुक झालं तो हात आता सगळ्या जणी नीट पाहून घेत होत्या. कोणाच्या ओठांवर जात नव्हती, पण ती अंगणात येऊन उभी राहिली होती आणि तिला बसायला पाट कोण देतं एवढंच बाकी होतं. पूनम खांबाला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मायने श्वास घेतला. ती बोलणार होती. मला आज नक्की माहीत आहे की ती बोलणार होती. तिच्या तोंडातून ‘पा’ एवढं बाहेरही आलं होतं.

आणि मी पुढे होऊन म्हणाले, “मले हाय.”

खोटं होतं. मला काही नव्हतं. पण मला वाटलं, मी एका घावात सगळं सोडवलं. पूनम वाचली. मायची जात वाचली, कारण पाळी तर सगळ्यांनाच येते. आणि वर मी ताठ मानेने, न लाजता बोलले, जसं पत्रकातली बाई बोलली असती. मला वाटलं, आता या चिडतील, मग मी वाद घालीन. माझ्याकडे मुद्दे तयार होते.

कोणी चिडलं नाही. तेच मला अजून झोपू देत नाही. अंगणातून एक सुस्कारा गेला, कुणाचं तरी ओझं उतरल्यासारखा. वंदनाकाकूंनी डावा हात माझ्या डोक्याजवळ आणला, मध्येच थांबवला, आणि फार मायेने म्हणाल्या, “अव, आधी सांगाचं न बाई. असू दे. लेकरू हाय.” मग मायकडे वळल्या. “सुमन, पोट्टीले नाही समजलं, पन तुले तं समजाले पायजे होतं. आता असं कर, तू आपलं निवडापाखडाचंच पाह्यत जा. चाटूचं आमी पाहू कसंबसं.”

“वंदनाबाई, पानी...” माय म्हणाली.

“राहू दे आता. झालं ते झालं. आमी काही म्हनलं का तुले?”

खरंच, कोणी काही म्हटलं नव्हतं. मी त्यांना म्हणण्याच्या कष्टातून सोडवलं होतं. जात उच्चारायला तोंड खराब करावं लागलं असतं, आणि त्या चांगल्या बायका होत्या. मी त्यांच्या हातात एक स्वच्छ, बायकी, चार दिवसांचं कारण दिलं. त्यांनी ते घेतलं आणि त्यावर मायला कायमचं उन्हात बसवलं. मायने चाटू गंजाच्या तोंडावर आडवा ठेवला. कौसल्याबाईने गंज राखेने घासून घेतला आणि गोमूत्र शिंपडलं, गंजावर, चुलीवर, आणि चाटूच्या दांड्यावर, जिथे मायची मूठ होती तिथे. गोमूत्र वंदनाकाकूंच्या गोठ्यातल्या कपिलीचं. मागच्या पोळ्याला तिचं वासरू आडवं आलं होतं तेव्हा बाबांनी खांद्यापर्यंत हात घालून ते सोडवलं होतं. तेव्हा कपिलीवर काही शिंपडलं नव्हतं. बाबांना चहा मात्र कागदी कपात दिला होता, आणि बाबा घरी येऊन म्हणाले होते, आता कपबशी वेगळी ठेवत नाहीत, सगळं कागदी आलं, सुधारणा आहे.

घरात शिरल्यावर मायने दार लावलं आणि म्हणाली, “तुही तारीख अजून बारा दिसावर हाय.”

माझी तारीख तिच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? पोतं तीच अंथरत होती. मी सगळं सांगितलं, पूनमचं, भांडं वाजवण्याचं, न बदललेल्या पाण्याचं. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिने ऐकून घेतलं आणि खाली बसली.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “पानी बदललं नाही हे मले वासानंच समजलं. तेच सांगून राह्यली होती मी. सकाईपासून सांगून राह्यली होती. गहू हात लावल्यानं नाही नासला, पोरी. कोनी हातच नाही लावला म्हून नासला. एवढं एकच वाक्य होतं माह्यापाशी. तू मधात तोंड घातलं.”

“पन पूनमचं नाव आलं असतं...”

“कायले आलं असतं? पानी बदललं नाही, एवढंच म्हनलं असतं मीनं. कोनी, काहून, ते नसतं इचारू देलं. मले का सासवा मालूम नाहीत? मी चाटूवाली होती. माह्या बोलन्याले आज वजन होतं. दोनच दिस होतं, पन होतं.”

संध्याकाळी बाबा आले. त्यांना बाजारातच बातमी लागली होती. त्यांचा चेहरा उजळलेला होता. “भर अंगणात बोललीस? न घाबरता? याला म्हणतात संस्कार!” त्यांनी सायकल लावायच्या आधी माझी पाठ थोपटली. जेवण होण्याआधी त्यांनी पत्रकाचा मसुदा लिहून काढला. माय भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं.

“छापू नोका.”

“सुमन, हे आपल्या एकट्याचं नाही, हा प्रश्न समाजाचा...”

“तुमच्या कागदाईनं माहा चाटू गेला,” माय म्हणाली. आवाज चढवला नाही. “या पोट्टीनं जे म्हनलं ते माह्या घरचं नव्हतं, तुमच्या कागदावरचं होतं. अन् तिचं पोतं कुठं अंथरते मी, ते लिहा मंग. लिहाल?”

बाबांनी मसुदा घडी करून खिशात घातला. त्यांनी पत्रक छापलं. नावं नव्हती, पण गावात कोणाला नावांची गरज नव्हती. त्यात सगळं होतं: स्त्री, धर्म, गुलामी, गोमूत्र. पोतं नव्हतं. आणि पाणी नव्हतं. ते त्यांना माहीतच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही, कारण त्यांना सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी पूनम छापून आली असती. मालेगावच्या बसस्टँडवर मी स्वतः ती पत्रकं वाटली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, ज्याला मायने घडी घातली नाही. तिने पुन्हा कधीच घातली नाही.

जूनमध्ये शाळेत निकाल घ्यायला गेले तेव्हा ग्रंथालयातला शब्दकोश मागून घेतला. आधी मी ‘इटाय’ शोधला, मग स्वतःवरच चिडून विटाळ काढला. रजस्वलेचा, प्रसूतेचा, मृताचा, हीनजातीच्या स्पर्शाचा. एकाखाली एक, किराण्याच्या यादीसारखं. माझ्या विटा कुठेच नव्हत्या. पुढे अकोल्याला शिकायला गेल्यावर मी या शब्दाच्या मागेच लागले आणि आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका प्राकृत व्याकरणापर्यंत जाऊन पोचले. तिथे हा शब्द ‘विट्टाल’ असा आहे, लोकांच्या बोलीतला म्हणून नोंदवलेला, आणि त्याचा अर्थ दिला आहे तो एकच: अस्पृश्याचा संसर्ग. पाळी नाही, बाळंतीण नाही, मढं नाही. आम्ही. त्या नोंदीत तरी आधी आम्हीच होतो. बाकीच्या गोष्टी मी पाहिलेल्या कोशांत मागाहून त्याखाली येऊन बसल्या आहेत. म्हणजे माय दर महिन्याला ज्या शब्दाने मला कोपऱ्यात बसवत होती तो शब्द तिच्याच आजी-पणजीच्या हातासाठी वापरला गेलेला होता. आणि त्या अंगणात मी ज्या शब्दामागे मायची जात लपवायला गेले, त्या शब्दाच्या आत तीच होती. मी तिला झाकलं नाही. मी तिचं नाव घेतलं, फक्त जुन्या भाषेत.

हे मी मागच्या उन्हाळ्यात मायला सांगितलं. अगदी कागद काढून, बोट ठेवून. ती स्लॅबवर आमच्यापुरत्या कुरडया घालत होती. गट तिने त्याच वर्षी सोडला होता. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “मंग त्या पुस्तकवाल्यानं पान्याचं काही लिहेल हाय का?” नाही म्हटल्यावर तिने सोऱ्यात चीक भरला.

तेवढ्यात खालून, मागच्या दाराने हाक आली नि आम्ही खाली उतरलो. पूनम. आता ती गटाची अध्यक्ष आहे; तिच्या पाकिटांवर ‘शुद्ध घरगुती’ असं छापलेलं असतं आणि तिची दोन मुलं मोबाईलवरून गटाचे फोटो टाकतात. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत मूठभर भिजवलेला गहू. मला नंतर कळलं, ती दर उन्हाळ्याला येते. पुढच्या दाराने कधीच नाही.

“काकू, जरा पाहा न. वाटाले काढू का?”

मायने हात धुतले. पिशवीतला गहू तळव्यावर घेतला, एक दाणा नखाने दाबून त्यातलं दूध पाहिलं, मग तळवा नाकाशी नेऊन डोळे मिटले. मी पूनमकडे पाहत होते. पूनम जमिनीकडे पाहत होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या सकाळबद्दल एक अक्षर बोललेलो नाही.

“आज नोको,” माय म्हणाली. “अजून एक पानी दे. संध्याकाई. अन् सोता दे, कोनावर सोडू नोको. उद्या सकाई वाट.”

“हो काकू.” पूनम वळली.

“अव, तुहा गहू,” मी म्हणाले. मुद्दाम म्हणाले. मायच्या तळव्यावर तो तसाच होता.

पूनम थांबली. तिची मान थोडी हलली, धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ही नाही. “राहू द्या,” ती म्हणाली, “मूठभरच तं हाय,” आणि गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मायला म्हणाले, कशाला सांगतेस हिला? तुझा हात चालत नाही आणि नाक चालतं? नासू दे ना एकदा सगळा गहू, कळू दे. मायने अंगणाच्या कडेला जाऊन तळवा झटकला. आमच्या कोंबड्या धावत आल्या. दर वर्षी याच वेळी हे मिळतं हे त्यांना ठाऊक असावं.

“गव्हाचा काय दोष?” ती म्हणाली, आणि हात न धुता वर उरलेल्या चिकाच्या कुरडया घालायला गेली.